बिअरनिर्मिती, घरगुती व हौशी

विक्रीचा हेतू न ठेवता स्वतःच्या, कुटुंबीयांच्या व स्नेह्यांच्या उपयोगासाठी घरी बिअर तयार करणे आणि बिअरच्या निरनिराळ्या प्रकारांचा जाणीवपूर्वक आस्वाद घेऊन त्यांची पारख करणे, हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रथम ब्रिटनमध्ये व पाठोपाठ अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ झालेला छंद आहे. बिअर तयार करण्याची कला काही हजार वर्षांची असली, तरी तिचे छंद हे रूप जेमतेम साठ वर्षांचे आहे. जे काम एकेकाळी स्वयंपाकाइतकेच नित्याचे होते, ते आधी कारखान्यात गेले, नंतर कर व परवाने यांच्या जाचाने घरातून जवळजवळ नाहीसे झाले आणि अखेरीस फुरसतीचा उद्योग म्हणून परतले. या स्थित्यंतरामागे यंत्रे व रसायनशास्त्र यांची प्रगती होतीच. तथापि घरगुती बिअर आणि विक्रीची बिअर यांच्यातील सीमारेषा प्रत्येक वेळी आखली ती मुख्यत्वे अबकारी कायद्यांनी.

कृती : बार्ली भिजवून तिला मोड आणतात व ते वाळवून, कमीअधिक भाजून माल्ट तयार करतात. भरडलेला माल्ट सु. ६५° ते ६८° से. तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवला, की मोड येताना निर्माण झालेली एंझाइमे धान्यातील स्टार्चाचे शर्करांत रूपांतर करतात. गाळून मिळणाऱ्या गोड द्रवास वर्ट म्हणतात. वर्ट हॉप या वेलीच्या फुलोऱ्याबरोबर उकळून थंड करतात आणि त्यात यीस्ट मिसळतात. एल प्रकारची बिअर साधारणतः १८° ते २२° से. तापमानास आंबते, लागर प्रकारास ८° ते १३° से. तापमान लागते व वेळही अधिक लागतो. किण्वन पूर्ण झाल्यावर बाटलीत भरताना दर लिटरला सु. ६ ते ८ ग्रॅ. साखर घालतात, ती बाटलीतच आंबून बिअरला वायू व फेस येतो. हौशी व्यक्ती एका खेपेस बहुधा वीस-बावीस लिटर बिअर करते आणि त्यासाठी मोठे पातेले, झाकणाची बादली, तापमापक व द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर एवढी साधने पुरतात. नवशिक्यांसाठी वर्ट आटवून केलेला माल्टचा अर्क डबाबंद मिळतो. तो वापरला म्हणजे धान्य भिजवण्याचा टप्पा टळतो.

खरी कसोटी स्वच्छतेची असते. मद्यार्क, आम्लता व हॉपमधील कडू द्रव्ये यांमुळे बिअरमध्ये रोगजंतू सहसा वाढत नाहीत; परंतु रानटी यीस्ट व आम्लनिर्मिती करणारे जंतू चव बिघडवतात. किण्वन पुरे होण्यापूर्वीच भरलेल्या बाटल्या फुटण्याचा धोका मात्र प्रत्यक्ष असतो. ऊर्ध्वपातनाने दारू गाळणे ही सर्वस्वी वेगळी क्रिया असून पुढे सांगितलेल्या कायदेशीर सवलती तिला लागू होत नाहीत.

पूर्वेतिहास : प्राचीन मेसोपोटेमियात बिअर हे रोजच्या आहाराचे अंग होते. निंकासी ही तेथील बिअरची अधिष्ठात्री देवता. तिला उद्देशून रचलेले एक सुमेरियन स्तोत्र इ. स. पू. सु. १८०० च्या मृत्तिकापट्टांवर आढळते व त्यात बिअरच्या कृतीचे टप्पेही येतात. १९८९ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्कोच्या अँकर ब्रूइंग कंपनीने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मानवशास्त्रज्ञ सॉलोमन कॅट्झ यांच्या साहाय्याने त्यानुसार बिअर करून पाहिली होती.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एल घरोघर होई आणि ती करणे हे बायकांचे काम होते. घरची गरज भागून उरलेली एल शेजारपाजारी विकली जाई. दाराबाहेर काठी किंवा झुडपाची डहाळी लावली, की एल तयार असल्याची ती खूण ठरे. तेराव्या शतकात पाव व एल यांच्या किंमतीचे व दर्जाचे नियमन करणारा कायदा झाला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी ठेवलेल्या दप्तरांतून या स्त्रियांची नावे आज उपलब्ध होतात. ज्यूडिथ बेनेट या इतिहासकार विदुषीने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हा उद्योग बव्हंशी स्त्रियांच्या हाती होता व सु. १६०० पर्यंत तो पुरुषांच्या हाती गेला. याचे एक कारण हॉप हे होय. नेदर्लंड्सकडून पंधराव्या शतकात हॉपयुक्त बिअर इंग्लंडमध्ये रुजली. हॉपविरहित एल काही दिवसांतच आंबूस होई. हॉपयुक्त बिअर टिके, म्हणून ती मोठ्या प्रमाणावर करून दूरवर पाठविणे शक्य झाले. त्यासाठी भांडवल, भांडी व उधारी लागे आणि या तिन्ही गोष्टी त्या काळच्या विवाहित स्त्रीला सहजासहजी मिळत नसत.

अठराव्या शतकात लंडनमधील पोर्टर या गडद बिअरच्या कारखान्यांनी या प्रक्रियेचे टोक गाठले. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी टॉटनहॅम कोर्ट रोडवरील एका कारखान्यात साठवणीचे प्रचंड लाकडी पिंप फुटून आलेल्या लोंढ्यात आठ जणांचा मृत्यू झाला. घरच्या पातेल्यापासून हा उद्योग किती दूर गेला होता, हे या दुर्घटनेवरून कळते.

कर व परवाने : इंग्लंडमध्ये बिअरवर अबकारी कर १६४३ मध्ये यादवी युद्धाच्या खर्चासाठी बसला. १६९७ पासून माल्टवर व १७११ पासून हॉपवरही कर आला. बिअरवरील कराचा भार मुख्यतः विक्रेत्यांवर होता. माल्टवरील कर मात्र घरी बिअर करणाऱ्यालाही चुकवता येत नसे. विल्यम कॉबेट या जहाल पत्रकाराने १८२१-२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कॉटेज इकॉनॉमी या पुस्तकात शेतमजुराच्या घरून बिअर नाहीशी होऊन तिची जागा चहाने घेतल्याबद्दल संताप व्यक्त केला आहे व त्याचा दोष या करांना दिला आहे. चहावरील त्याचे आरोप आज हास्यास्पद वाटतील. परंतु मजुराला धान्य पिकवता येते आणि त्याच धान्याचे पेय मात्र परवडत नाही, ही त्याची तक्रार वाजवी होती. हॉपवरील कर १८६२ मध्ये रद्द झाला. १८८० मध्ये ग्लॅडस्टनने माल्टवरील कर काढून पुन्हा तयार बिअरवर कर बसविला, तेव्हा कारखानदारांना हवे ते धान्य व साखर वापरण्याची मुभा मिळाली. घरी बिअर करणाऱ्यांना मात्र त्याच कायद्याने परवाना घेणे भाग पडले. त्यानंतरच्या ऐंशी वर्षांत घरगुती बिअर ब्रिटनमध्ये जवळजवळ विस्मृतीत गेली.

घरच्या उपयोगापुरती सवलत ही कल्पना केवळ यूरोपीय नाही. सौत्रामणी यागातील सुरेच्या कृतीत अंकुरित धान्याचा उपयोग सांगितलेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात मद्याच्या निर्मितीवर व विक्रीवर राज्याचे कडक नियंत्रण सांगितले आहे. तरीही कुटुंबांना मंगलकार्याच्या प्रसंगी श्वेतसुरा व औषधासाठी अरिष्ट करण्याची आणि उत्सव-यात्रांच्या वेळी चार दिवस मद्यनिर्मितीची मोकळीक दिली आहे. राज्याचा महसूल व घरातील रीत यांतील हीच तडजोड पुढे लंडन व वॉशिंग्टन येथे नव्याने करावी लागली.

ब्रिटनमधील पुनरुज्जीवन : एप्रिल १९६३ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना रद्द केला. त्यापासून मिळणारे उत्पन्न नगण्य असल्याने निर्णयाचा फारसा गाजावाजा झाला नाही. पण हौशी बिअरनिर्मितीचा आरंभ या वर्षापासूनच धरावा लागतो. त्याच वर्षी सी. जे. जे. बेरी यांचे घरगुती बिअरवरील मार्गदर्शक पुस्तक निघाले. १९७४ मध्ये डेव्ह लाइन यांच्या द बिग बुक ऑफ ब्रूइंग या पुस्तकाने डबाबंद अर्काऐवजी धान्यापासून आरंभ करण्याची पद्धत सामान्य वाचकाच्या आवाक्यात आणली. औषधांच्या दुकानांतही बिअरचे तयार संच मिळू लागले. स्वस्ताई हे आरंभीचे मोठे आकर्षण होते.

तथापि स्वस्ताईखेरीज दुसरेही कारण होते. १९६० नंतर विलीनीकरणांमुळे ब्रिटिश बिअरचा बहुतांश धंदा सहा मोठ्या कंपन्यांकडे गेला. पिंपात शेवटपर्यंत जिवंत यीस्ट असणाऱ्या बिअरऐवजी गाळलेली, पाश्चरीकरण केलेली व बाहेरून वायू भरलेली बिअर या कंपन्यांनी पुढे आणली; ती साठवायला सोयीची व चवीला सर्वत्र सारखी असे. याविरुद्ध मार्च १९७१ मध्ये आयर्लंडमधील डनक्विन येथे सुटीवर गेलेल्या चार इंग्रज तरुणांनी ‘कॅम्रा’ या ग्राहकसंघटनेची स्थापना केली. ग्राहकांच्या चळवळी अनेक होतात. चवीच्या प्रश्नावर लढून मोठ्या कंपन्यांना धोरण बदलावयास लावणारी चळवळ विरळा.

त्याच वर्षी पश्चिम लंडनमध्ये डर्डन पार्क बिअर सर्कल हे हौशी मंडळ स्थापन झाले. त्याचे कार्य अधिक शांत, पण इतिहासाच्या दृष्टीने मोलाचे आहे. कारखान्यांच्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील जुन्या नोंदवह्या वाचून, त्यांतील मापे आजच्या मापांत बसवून मंडळाच्या सभासदांनी लुप्त झालेली बिअर घरी करून पाहिली व त्या कृती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. पोर्टर त्या वेळी ब्रिटनमध्ये कोणीही विकत नव्हते. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा विक्रीस आले, त्याआधीच ते हौशी लोकांच्या घरात तयार होत होते. दप्तरखान्यातील आकडे प्रत्यक्ष पातेल्यात तपासून पाहणारे असे संशोधन व्यावसायिक इतिहासकारांकडून क्वचितच होते.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने : वसाहतकाळात व त्यानंतरही मोठ्या शेतमळ्यांवर बिअर घरीच होई. जॉर्ज वॉशिंग्टन याच्या १७५७ मधील एका टिपणवहीत कोंडा, हॉप व काकवी यांपासून सौम्य बिअर करण्याची कृती असून ती वही न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. टॉमस जेफर्सनच्या माँटिचेलो येथील बिअरची कीर्ती होती. ती करणारा होता पीटर हेमिंग्स हा त्याचा गुलाम. १८१२ च्या युद्धामुळे अडकून पडलेल्या जोसेफ मिलर या इंग्रज जाणकाराकडून त्याने ही विद्या घेतली. अमेरिकेतील हौशी वाङ्मयात राष्ट्राध्यक्षांचे नाव अभिमानाने घेतले जाते. त्या मानाने हेमिंग्सचा उल्लेख फार उशिरा होऊ लागला.

१८७० नंतरच्या दशकात देशात चार हजारांवर बिअर कारखाने होते. जानेवारी १९२० मध्ये दारूबंदी लागू झाली. घरी फळांचे रस व सायडर करण्यास कायद्यात वाट ठेवलेली होती, बिअरला नव्हती. स्वयंपाकाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या माल्ट-अर्कापासून लोक चोरून बिअर करीत व ती बहुधा वाईट असे. डिसेंबर १९३३ मध्ये दारूबंदी उठली. कुटुंबप्रमुखाला वर्षाला २०० गॅलनपर्यंत वाइन घरी करमुक्त करण्याची सवलत मिळाली, पण बिअरला मिळाली नाही. परिणामी पुढील पंचेचाळीस वर्षे, द्राक्षे आंबवणारा अमेरिकन कायद्याच्या चौकटीत राही व बार्ली आंबवणारा गुन्हेगार ठरे.

या काळातच गुप्तपणे छंद वाढला. ऑरेगनमधील पोर्टलंड येथील फ्रेड एकहार्ट यांनी १९७० मध्ये लागर बिअर घरी करण्याविषयी पुस्तिका काढली. लॉस अँजेल्समध्ये १९७४ मध्ये माल्टोझ फाल्कन्स हे मंडळ निघाले. कोलोरॅडोमधील बोल्डर येथे चार्ली पापाझियन हे शिक्षक प्रौढांना बिअरनिर्मितीचे धडे देत. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यात, सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांच्या प्रयत्नाने घरगुती बिअरची सवलत समाविष्ट झाली. १ फेब्रुवारी १९७९ पासून एका प्रौढास वर्षाला १०० गॅलन (सु. ३७८ लि.) व दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या कुटुंबास २०० गॅलन बिअर करमुक्त करता येऊ लागली. विक्रीस मनाई कायम राहिली. घटक राज्यांना स्वतःचे निर्बंध ठेवण्याचा अधिकार असल्याने सवलत सर्वत्र पोहोचण्यास आणखी तीन दशके लागली. अलाबामा व मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांनी २०१३ मध्ये ती दिली. पापाझियन यांनी १९७८ मध्येच हौशी निर्मात्यांची राष्ट्रीय संघटना व तिचे झायमर्जी हे नियतकालिक सुरू केले. १९८४ मधील त्यांचे पुस्तक इंग्रजी जगात या विषयाचे पाठ्यपुस्तकच ठरले.

छंदाचा उद्योगावरील परिणाम : १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत शंभराहूनही कमी बिअर कारखाने उरले होते व बहुतेकांची बिअर फिकट, सौम्य व एकमेकींसारखी होती. नौदलात असताना स्कॉटलंडमध्ये तेथील एलची गोडी लागलेल्या व घरगुती निर्मिती शिकलेल्या जॅक मॅकऑलिफ यांनी १९७६ मध्ये सूझी स्टर्न व जेन झिमरमन यांच्या साहाय्याने कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे न्यू ॲल्बियन हा लहान कारखाना काढला. नवी यंत्रे इतक्या लहान आकारात मिळतच नसल्याने दुग्धालयांतील जुनी भांडी जोडून त्यांनी काम भागविले. १९८२ मध्ये तो बंद पडला, पण अनेकांना वाट दिसली. त्यांपैकी केन ग्रॉसमन हे चिको येथे हौशी निर्मात्यांना लागणाऱ्या साहित्याचे दुकान चालवीत; त्यांच्या सिएरा नेव्हाडा कारखान्याची पेल एल १९८० मधील. तिच्यातील मोसंबीच्या सालीसारखा वास कॅस्केड या हॉपचा आहे. हा वाण अमेरिकन कृषिखाते व ऑरेगन राज्य विद्यापीठ यांच्या प्रजननकार्यातून १९७२ मध्ये प्रसारित झाला होता. सार्वजनिक निधीतून निपजलेला वाण, बेकायदेशीर छंदात तयार झालेले हात आणि कंटाळलेला ग्राहक हे तिन्ही जुळून आले नसते, तर हा उद्योग उभा राहिला असता असे वाटत नाही. २०२० नंतर अमेरिकेतील बिअर कारखान्यांची संख्या नऊ हजारांपलीकडे गेली.

यश एकमार्गी नव्हते. शिकागोचा गूस आयलंड हा नावाजलेला लहान कारखाना २०११ मध्ये अॅनहॉयझर-बुश या बलाढ्य कंपनीने विकत घेतला, आणि २०१६ मध्ये तिच्या मूळ समूहाने हौशी निर्मात्यांना साहित्य पुरविणारा एक मोठा व्यवसायही घेतला. फ्रिट्झ मेटॅग यांनी १९६५ मध्ये मोडकळीस आलेला अँकर कारखाना वाचवून या साऱ्याची पायाभरणी केली होती. तो २०२३ मध्ये बंद पडला.

आस्वाद व परीक्षण : चव ही व्यक्तिगत बाब मानली, तरी तिच्याविषयी बोलण्यास सामाईक शब्द लागतात. इंग्रज लेखक मायकेल जॅक्सन यांच्या १९७७ मधील द वर्ल्ड गाइड टु बिअर या ग्रंथाने देशोदेशीच्या बिअरचे प्रकारवार वर्गीकरण लोकप्रिय केले. १९७९ मध्ये मॉर्टन मीलगार्ड व सहकाऱ्यांनी गंध व स्वाद यांच्या संज्ञा चक्राकार आकृतीत मांडल्या. लोण्यासारखा वास डायासिटिलामुळे येतो व तो किण्वन आवरते घेतल्याचे दर्शवितो. उकडलेल्या मक्यासारखा वास गंधकयुक्त संयुगाचा असतो. उन्हात ठेवलेल्या बाटलीतील बिअरला येणारी दुर्गंधी हॉपमधील द्रव्यांवर प्रकाशाची क्रिया होऊन येते, म्हणूनच बाटल्या तपकिरी असतात. १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या परीक्षक-प्रमाणन योजनेत बिअरला ५० गुण असून त्यांपैकी गंधास १२, रूपास ३, स्वादास २०, तोंडातील स्पर्शास ५ व एकूण प्रभावास १० दिले जातात. रंगाला इतके कमी गुण देऊन योजनेने डोळ्यांच्या मोहाला आवर घातला, हे योग्यच झाले. मात्र प्रत्येक बिअर ठरावीक प्रकारात बसलीच पाहिजे, हा तिचा आग्रह कधीकधी जाचक होतो.

अखंड घरगुती परंपरा : काही प्रदेशांत ही परंपरा कधी तुटलीच नाही. फिनलंडमधील साहती ही जुनिपरच्या फांद्यांतून गाळलेली बिअर होय. यूरोपीय संघाने २००२ मध्ये तिला पारंपरिक खाद्यपदार्थ म्हणून संरक्षण दिले. पश्चिम नॉर्वेतील शेतकरी कुटुंबांनी आपले यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या जपले. त्यास क्व्हाइक म्हणतात. लाकडाच्या कोरीव कड्यांवर किंवा कापडावर ते वाळवून ठेवीत आणि कुणाचे बिघडले, तर शेजाऱ्याकडून आणीत. आपल्याकडे दह्याचे विरजण मागून आणतात, तसाच हा प्रकार. हे यीस्ट ३०° से. हून अधिक, कधी ४०° से. पर्यंतच्या तापमानातही शुद्ध चवीची बिअर देते; कारखान्यांतील सामान्य एल यीस्ट त्या तापमानात चव बिघडवते. कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढविण्याची पद्धत काढल्यापासून उद्योगाने मोजकेच वाण वापरले. २०१८ मध्ये कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठातील संशोधकांनी जनुकीय परीक्षणाने क्व्हाइक हा माणसाळविलेल्या यीस्टांचा वेगळा गट असल्याचे दाखविले. आता त्याची पाकिटे जगभर विकली जातात.

याउलट जपानने १८९९ मध्ये घरगुती साके करण्यास बंदी घातली. माएदा तोशिहिको यांनी दोबुरोकू ही गढूळ साके घरी करून, हा नागरिकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न असल्याचे न्यायालयात मांडले. १९८९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने महसुलाचे कारण ग्राह्य धरून त्यांचा दावा फेटाळला.

भारत : छोटा नागपूरमधील हंडिया, अरुणाचल प्रदेशातील अपाँग, लडाखमधील छांग ही पेये घरोघर व बहुधा स्त्रियाच करतात. हंडियासाठी मोडाच्या धान्याऐवजी शिजवलेल्या भातात रानू ही वनस्पतींची पूड घातलेली गोळी मिसळतात. तिच्यातील बुरशी स्टार्चाचे विघटन करते व यीस्ट पुढील काम करते. काही राज्यांच्या अबकारी नियमांत आदिवासींना घरगुती वापरापुरती अशी बिअर करण्यास सवलत आहे. महाराष्ट्रात मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ (आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) अनुज्ञप्तीशिवाय मद्यनिर्मितीस मनाई करतो. त्यामुळे परदेशात शिकून हा छंद घेऊन परतलेल्या मराठी तरुणांपुढे तो सोडणे किंवा व्यवसाय करणे एवढेच मार्ग राहतात. लहान बिअर कारखान्यांना परवाने मिळू लागल्यावर २००९ मध्ये पुण्यात असा एक कारखाना निघाला. त्याचे डूलाली हे नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेले आहे : मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथील छावणीत कंटाळलेल्या ब्रिटिश सैनिकांमुळे हा शब्द इंग्रजीत ‘डोके फिरलेला’ या अर्थाने रूढ झाला.